साथीच्या रोगावर थरारकथा लिहिताय? या चुका टाळा

विमानतळावर एक माणूस खोकतो. तिसऱ्या पानावर तो रक्त ओकून कोसळतो, तिसाव्या पानावर शहर बंद होतं, शंभराव्या पानावर लष्कर रस्त्यावर उतरतं आणि शेवटच्या प्रकरणात एक तडफदार डॉक्टर रात्रभर जागून लस शोधून काढतो. साथीच्या रोगावरच्या थरारकथांचे कितीतरी मसुदे याच वाटेने जातात. त्यांत धावपळ भरपूर असते, थरार मात्र नसतो. सगळं इतकं भराभर उरकलेलं असतं की वाचकाला घाबरायला सवडच मिळत नाही.

साथ भयंकर वाटते ती तिच्यातल्या उशिरामुळे. लागण आज होते, ताप आठ-दहा दिवसांनी येतो. तापाचं कारण कळायला आणखी काही दिवस जातात. कारण कळलं तरी ते वरच्यांना पटवण्यात आठवडा मोडतो. त्यामुळे आज जाहीर झालेला आकडा मुळात दोन-तीन आठवड्यांपूर्वी काय घडलं ते सांगत असतो, आणि आज काय घडतंय ते कुणालाच दिसत नसतं. हा न दिसणारा मधला काळ म्हणजे थरारकथेची हक्काची जागा. पुढे दिलेल्या बहुतेक चुका तो कापून टाकल्यामुळे होतात.

रोगाची कुंडली न मांडताच लिहायला बसणं

लेखक खलनायकाचं बालपण, नायिकेचा घटस्फोट, मंत्र्याच्या गाडीचा रंग, सगळं ठरवतो. रोगाला मात्र एक भीतीदायक नाव देऊन मोकळा होतो. मग चाळिसाव्या पानावर एक पात्र सांगतं की लागण झाल्यावर तीन आठवड्यांनी लक्षणं दिसतात, आणि दोनशेव्या पानावर नायकाच्या भावाला सकाळी लागण होऊन तो संध्याकाळी मरतो, कारण तिथे कथेला एक मृत्यू हवा असतो. थरारकथेचा वाचक अशा गोष्टी सोडत नाही. रोगाने एकदा स्वतःचा नियम मोडला की पुढे कुणाच्याही जिवाची वाचकाला धाकधूक वाटत नाही. लेखकाला हवा तो मरणार आणि हवा तो वाचणार, हे त्याने ओळखलेलं असतं.

म्हणून पहिलं वाक्य लिहिण्याआधी एका कागदावर एवढं लिहा आणि तो समोर चिकटवा: रोग विषाणूचा की जिवाणूचा; तो कशातून पसरतो; लागण झाल्यापासून पहिलं लक्षण दिसेपर्यंत किती दिवस जातात; माणूस दुसऱ्याला रोग कधीपासून देऊ लागतो; किती जण दगावतात आणि आजारी पडल्यापासून साधारण कितव्या दिवशी. यातला चौथा मुद्दा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, आणि कथेचा सगळा स्वभाव त्याच्यावरच ठरतो.

इबोला घ्या. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला २ ते २१ दिवस लागतात, पण लक्षणं दिसेपर्यंत तो माणूस दुसऱ्याला रोग देत नाही. रोग पसरतो तो रक्त, उलटी, जुलाब अशा स्रावांशी थेट संपर्क आल्याने, आणि पेशंट जितका खंगत जाईल तितका धोका वाढतो. मृतदेह तर सर्वांत धोकादायक. मग बळी कोण पडणार? उशाशी बसलेली आई, नर्स, मृताला शेवटची आंघोळ घालणारे नातेवाईक. इबोलाच्या कथेत माया जिवावर बेतते. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाची धास्ती तिथे शोभत नाही. गोवराचं उलट आहे: पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून तो पसरतो, आणि पेशंट खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो. तिथे रिकामी खोलीसुद्धा घाबरवू शकते.

सार्स आणि कोविड हे श्वसनाचे रोग एकाच घराण्यातले. पण २००३ साली सार्सचा पेशंट सर्वांत जास्त संसर्ग पसरवायचा तो आजाराच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे बहुधा हॉस्पिटलात दाखल झाल्यावर. त्यामुळे डॉक्टर-नर्स मोठ्या संख्येने आजारी पडले. पण त्यामुळेच तापाच्या माणसाला वेगळं ठेवण्याची जुनी युक्ती लागू पडली आणि सुमारे ८,१०० रुग्ण व ७७४ मृत्यूंनंतर जुलै २००३ मध्ये ती साथ आटोक्यात आली. कोविडचा पेशंट लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीच रोग वाटत फिरत होता. कुंडलीतलं एक घर बदललं आणि सगळी गोष्टच बदलली.

कथेला वेगच हवा असेल तर वेगवान रोग निवडा, संथ रोगाला चाबूक मारू नका. कॉलऱ्याचा पेशंट उपचाराविना काही तासांत जाऊ शकतो. न्यूमोनिक प्लेगमध्ये लक्षणं दिसल्यापासून साधारण २४ तासांत अँटिबायोटिक सुरू झालं नाही तर वाचण्याची आशा फार कमी. मात्र या दोन्ही रोगांवर इलाज आहे, तेव्हा संघर्ष औषध शोधण्याचा राहत नाही. औषध, सलाइन आणि स्वच्छ पाणी वेळेत पोचवण्याचा होतो. कित्येकदा ही कथा जास्त चांगली असते.

नव्वद टक्के मृत्यू आणि वाऱ्याचा वेग, दोन्ही एकदम

लेखकाला भीती वाढवायची असते, म्हणून तो दोन्ही काटे शेवटपर्यंत फिरवतो. मग हिशेब बसत नाही, कारण इतक्या मारक रोगाने सहाव्या प्रकरणापर्यंत कथेतली सगळी पात्रं संपवायला हवीत, आणि लेखकाला ती हवी असतात.

जगातले खरे रोग पाहा. रेबीजची लक्षणं दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ, पण माणसाकडून माणसाला तो सहसा होत नाही. निपाह या विषाणूच्या आजारात ४० ते ७५ टक्के रुग्ण दगावल्याची नोंद आहे, तरी माणसांमधल्या त्याच्या साथी आतापर्यंत आटोपशीर राहिल्या. गोवराचा एक पेशंट, कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, १२ ते १८ जणांना लागण देऊ शकतो. इबोलाचा साधारण दोघांना. आणि १९१८ च्या फ्लूचा मृत्युदर दोन-अडीच टक्क्यांच्या आसपास सांगितला जातो, पण त्याने घेतलेले बळी काही अंदाजांनुसार ५ कोटी आहेत. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. शहरातला प्रत्येक तिसरा माणूस एकाच महिन्यात आजारी पडला, नर्सही आजारी, कबरी खणणारेही आजारी, तर त्या दोन टक्क्यांनी काय होतं ते लिहून बघा.

पण याच्या उलट टोकालाही जाऊ नका. 'फार मारक विषाणू आपोआप विझतो' हा नियम नाही. देवी दर दहांतल्या तिघांना मारायची आणि तरी शतकानुशतकं टिकली, कारण पेशंट मरण्याआधी पुढच्याला लागण देऊन झालेली असायची.

आणखी एक: लागण सगळ्यांकडून सारखी पसरत नाही. २०१५ मध्ये दक्षिण कोरियात प्रवासाहून परतलेल्या एका माणसापासून मर्स या श्वसनरोगाची साथ सुरू झाली आणि १८६ जणांपर्यंत पोचली. त्यांतल्या बहुतेकांनी पुढे कुणालाच लागण दिली नाही. मूठभरांनी मिळून बाकीच्यांना दिली. हाँगकाँगच्या एका हॉटेलात फेब्रुवारी २००३ मध्ये उतरलेल्या एका आजारी डॉक्टरपासून सार्स व्हिएतनाम, सिंगापूर आणि कॅनडापर्यंत गेला. तेव्हा 'एकाने दोघांना, दोघांनी चौघांना' असा पाढा म्हणू नका. दहा पेशंटांचे धागे काहीही न होता तुटू द्या, वाचकाला हायसं वाटू द्या, आणि मग अकरावा एखाद्या गच्च भरलेल्या कॅज्युअल्टीत स्टूलवर तासन् तास बसवा.

पहिला पेशंट सापडला की कोडं सुटलं

साथीच्या कथेतलं रहस्य या ठिकाणी सर्वाधिक वाया जातं. नायिका पेशंट बघते, क्षणभर डोळे मिटते आणि रोगाचं नाव सांगते. संपलं. पुढची अडीचशे पानं नुसती धावाधाव.

खऱ्या साथींत आधी चुकीचं नाव सापडतं, आणि ते चुकीचं असलं तरी समजूतदार असतं. मलेशियात १९९८ च्या अखेरीस डुकरं पाळणाऱ्यांना ताप आणि मेंदूज्वर होऊ लागला. त्या भागात जपानी मेंदूज्वर माहितीचा होता, तो डासांमुळे होतो आणि डुकरांत वाढतो. सगळं जुळत होतं. धुराची फवारणी झाली, लसीकरण झालं. तरी माणसं मरत राहिली. ज्यांना खटकलं त्यांना छोट्या गोष्टी खटकल्या: जपानी मेंदूज्वर मुलांना गाठतो, इथे आजारी पडणारे कामकरी पुरुष होते. लस घेतलेलेही आजारी पडत होते. आणि डुकरं खोकत होती. मार्च १९९९ मध्ये चुआ काव बिंग यांनी वेगळा केलेला विषाणू कुणी पूर्वी पाहिलेलाच नव्हता, तोच निपाह. त्या साथीत शंभराच्या आसपास माणसं गेली, आणि सुमारे दहा लाख डुकरं मारावी लागली. धागा मागे नेला तेव्हा तो डुकरांच्या गोठ्यांशेजारच्या फळझाडांपर्यंत आणि तिथे येणाऱ्या वटवाघळांपर्यंत गेला. यात एकही पाठलाग नाही, एकही स्फोट नाही.

१९७६ च्या जुलैत फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या अधिवेशनाला आलेले लोक घरी परतल्यावर न्यूमोनियाने मरू लागले. स्वाइन फ्लू? विषबाधा? कट? सगळे तर्क झाले. जोसेफ मॅकडेड या शास्त्रज्ञाला उन्हाळ्यातच स्लाइडवर काही तुरळक जिवाणू दिसले होते, पण बाहेरून मिसळले असतील म्हणून त्याने ते बाजूला ठेवले. डिसेंबरच्या अखेरीस त्याच स्लाइड त्याने पुन्हा काढल्या, तेव्हा लीजनेला हा जिवाणू सापडला. उत्तर पाच महिने टेबलावर पडून होतं. असा पुरावा पहिल्या अंकात वाचकासमोर ठेवून त्याच्याकडे दुर्लक्ष करायला लावण्यात जी मजा आहे, ती 'युरेका'मध्ये नाही.

चुकीच्या निदानाला चेहरा द्यायचा असेल तर १९१०-११ चा मांचुरियातला प्लेग वाचा. तरुण डॉक्टर वू लिएन-तेह यांचं म्हणणं होतं की हा प्लेग उंदरांच्या पिसवांतून नव्हे, माणसाच्या श्वासातून पसरतोय, तेव्हा तोंडावर कापडी पट्टी बांधा. मेस्नी नावाच्या ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टरांनी त्यांना उडवून लावलं, मास्कविना वॉर्डात गेले आणि काही दिवसांतच प्लेगने वारले. त्या साथीत सुमारे ६०,००० माणसं मेली. मेस्नींना मूर्ख ठरवून लिहू नका. उंदीर आणि पिसवा हे त्या काळचं ताजं, सिद्ध झालेलं विज्ञान होतं. ते त्या विज्ञानाच्या बाजूने उभे होते. तुमच्या कथेतला चुकणारा माणूसही असाच, वाचकाला त्याचं म्हणणं पटेल असा हवा.

आणि पुरावे पेरताना नियमात न बसणाऱ्यांकडे बघा. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर कॉलऱ्याने माणसं पटापट मरत होती. रोग तिथल्या सार्वजनिक पंपाच्या पाण्यातून पसरतोय असा संशय असलेल्या डॉक्टर जॉन स्नोच्या कामी दोन विचित्र गोष्टी आल्या: पंपाजवळच्याच मद्यभट्टीतले कामगार ठणठणीत होते, कारण ते त्या पंपाचं पाणी पीतच नव्हते, आणि मैलोगणती दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा वारली होती, कारण तिला त्याच पंपाच्या पाण्याची चव आवडायची आणि ती ते मुद्दाम मागवायची. आपल्या मसुद्यात असा एक वाचलेला आणि एक मेलेला माणूस आहे का, एवढं तपासा.

सर्वांत आधी सापडलेला पेशंट हा सर्वांत आधी आजारी पडलेला नसतो, हेही विसरलं जातं. पश्चिम आफ्रिकेतली इबोलाची साथ गिनीतल्या एका खेड्यात २०१३ च्या डिसेंबरात एका लहान मुलापासून सुरू झाली असं मानतात. विषाणूचं नाव पक्कं झालं मार्च २०१४ मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली ऑगस्टात. शेवटी २८,६०० हून अधिक लोक आजारी पडले आणि ११,३०० हून अधिक मेले. तुमच्या कथेची घड्याळं या तीन तारखांसारखी एकमेकांपासून लांब ठेवा.

लॅब म्हणजे जादूची पेटी

नळी आत घातली, दिवा लुकलुकला, पडद्यावर विषाणूचं नाव आलं. तसं नसतं. पीसीआर तपासणी तुम्ही विचारलेल्याच प्रश्नाचं उत्तर देते. 'हा फ्लू आहे का?' विचारलं तर ती हो किंवा नाही म्हणेल; 'मग आहे तरी काय?' हे ती सांगणार नाही. अगदी नव्या विषाणूसाठी त्याची जनुकीय मांडणी आधी वाचावी लागते, मग त्यावरून तपासणी तयार होते. शिवाय सॅम्पल बर्फात राहायला हवं, त्यावरचं लेबल पुसलं जाऊ नये, गाडी पोचायला हवी. एका पुसलेल्या लेबलवर अख्खं प्रकरण उभं राहतं.

इबोलामध्ये तर लक्षणं सुरू झाल्यावर पहिल्या तीन दिवसांत तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून ती नंतर पुन्हा करावी लागते. निगेटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन आनंदाने घरी निघालेला पेशंट: थरारकथेला आणखी काय हवं?

दोन चुका मात्र अक्षम्य. साध्या मायक्रोस्कोपखाली वळवळणारे विषाणू दाखवू नका. त्यांना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो आणि ते वळवळत नाहीत. आणि विषाणूच्या आजारावर अँटिबायोटिकचं इंजेक्शन देऊन कुणाला बरं करू नका.

म्युटेशनची पळवाट

कथा अडली की विषाणू 'म्युटेट' होतो आणि रातोरात हवेतून पसरू लागतो. विषाणू बदलत राहतात हे खरं, पण पसरण्याची वाट अशी सहजासहजी बदलत नाहीत. एचआयव्ही इतक्या वेगाने बदलतो, तरी इतक्या दशकांत तो हवेतून पसरू लागलेला नाही. बदल दाखवायचाच तर बेताचा दाखवा: जुन्या तपासणीतून निसटणारा, किंवा आधी बरे झालेल्यांना पुन्हा गाठणारा. आणि त्याची एखादी खूण पूर्वार्धात ठेवा.

हेल्मेट काढून बोलणारा हिरो

चेहरा दिसावा म्हणून लेखक नायकाला संरक्षक पोशाख काढायला लावतो. हे चित्रपटाचं दुखणं आहे, कादंबरीला त्याची गरजच नाही. उलट पोशाखात किती काही आहे. उष्ण हवेत तो घालून तासभरही धड काम करता येत नाही; चष्म्यावर बाष्प साचतं, घामाने हातमोजे भरतात. पश्चिम आफ्रिकेतल्या इबोला केंद्रांत माणसं ओळखू यावीत म्हणून एप्रनवर नावं लिहायचे. आणि सर्वांत धोक्याचा क्षण पेशंटजवळचा नसतो, बाहेर आल्यावर पोशाख उतरवण्याचा असतो. दमलेला डॉक्टर, ठरलेल्या क्रमाने एकेक गोष्ट काढायची, मध्ये मध्ये क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायचे, शेजारी उभा राहून एक जण पायऱ्या वाचून दाखवतोय, आणि कपाळावर खाज सुटलीय.

खलनायकाला जग संपवायचं असतं

जग संपवायला निघालेल्या माणसाशी वाचकाचं काही देणंघेणं नसतं. प्रयोगशाळेतून निसटलेल्या रोगाचीच कथा लिहायची असेल तर खरे प्रसंग पाहा, त्यांत राक्षस सापडत नाहीत. १९७९ च्या एप्रिलमध्ये सोव्हिएत रशियातल्या स्वेर्दलोव्स्क शहरातल्या लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्सचे कण हवेत सुटले आणि साठहून अधिक माणसं मेली. सरकारने सांगितलं, दूषित मांसामुळे झालं. पुढे शास्त्रज्ञांनी मृतांची घरं आणि कामाच्या जागा नकाशावर मांडल्या, तर त्या वाऱ्याच्या दिशेने गेलेल्या एका अरुंद पट्ट्यात बसल्या. वारा कुठल्या दिवशी कुठे वाहत होता, यावरून खोटं उघडं पडलं. लष्कराचा हात असल्याचं रशियाचे राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांनी १९९२ मध्ये मान्य केलं.

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये १९७८ साली, निसर्गातली देवीची शेवटची केस सोमालियात होऊन वर्षही उलटलं नव्हतं तेव्हा, देवीच्या प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर काम करणारी एक छायाचित्रकार देवीने वारली. विषाणू तिच्यापर्यंत नेमका कसा पोचला याचा वाद नंतरही मिटला नाही.

या जातीच्या कथांतलं दुसरं ठोकळ्याचं पात्र म्हणजे मूर्ख अधिकारी. तो सगळ्या इशाऱ्यांकडे काणाडोळा करतो, कारण लेखकाने तसं ठरवलंय. त्याला खरी अडचण द्या. १९७६ मध्ये अमेरिकेत एका लष्करी तळावर स्वाइन फ्लूने एक सैनिक मेला. १९१८ पुन्हा येतंय या भीतीने सरकारने देशभर लसीकरण सुरू केलं, चार कोटींहून अधिक लोकांनी लस टोचून घेतली. साथ आलीच नाही, काहींना मात्र लसीनंतर गिलां-बारे हा मज्जातंतूंचा आजार झाला आणि डिसेंबरात मोहीम गुंडाळावी लागली. तुमच्या कथेतल्या अधिकाऱ्याने कधीकाळी असाच घाईने निर्णय घेऊन हात पोळून घेतलेले असतील, तर आज तो थांबतोय याचं वाचकाला वाईट वाटेल, राग नाही येणार.

लोकांना मेंढरं समजणं

साथ आली की लेखक गर्दीला तोडफोड करायला लावतो. लोक काय करतात याला बहुतेक वेळा कारण असतं, आणि ते लिहिलं नाही तर दंगलीचा प्रसंग पोकळ वाटतो. ऑगस्ट २०१४ मध्ये लायबेरियाच्या राजधानीतल्या वेस्ट पॉइंट या दाट वस्तीत लोकांनी इबोलाचं केंद्र फोडलं, पेशंट पळाले. बाहेरून वाचलं तर वेडेपणा. पण दुसऱ्या भागांतले पेशंट आपल्या वस्तीत आणून ठेवताहेत, हा त्यांचा राग होता. मग सरकारने अख्खी वस्तीच वेढली, गोळीबारात एक मुलगा मेला, आणि दहा दिवसांत वेढा उठवावा लागला. या प्रसंगात सैनिक, आई, दुकानदार, डॉक्टर, कुणाच्याही डोळ्यांतून बघा, त्याचं बरोबर वाटतं.

मृतदेह घेऊन जाणाऱ्या पथकापासून प्रेत लपवणारं कुटुंब हाही असाच प्रसंग. तिथेच लिहिताना एक पथ्य पाळा: रोगाचा दोष एखाद्या खऱ्या समाजाच्या किंवा देशाच्या गळ्यात मारू नका. १९७६ च्या विषाणूला इबोला नदीचं नाव दिलं ते, तो जिथे सापडला त्या काँगोतल्या याम्बुकू गावाला डाग लागू नये म्हणून, आणि २०१५ पासून जागतिक आरोग्य संघटनाही नव्या रोगांना गावांची, माणसांची, प्राण्यांची नावं देऊ नका म्हणते. नाव तुम्हीच ठेवणार आहात, तेव्हा ते काल्पनिक ठेवा.

शेवटच्या पानावरची लस

कोविडच्या विषाणूची जनुकीय मांडणी ११ जानेवारी २०२० च्या सुमारास जगासमोर आली आणि चाचण्या पार पडलेली लस डिसेंबरात लोकांना मिळू लागली. हा वेग अभूतपूर्व मानला गेला. तुमचा नायक ते काम आठवड्याच्या शेवटी उरकतो. 'बचावलेल्या माकडाच्या रक्तातून औषध' हा प्रकारही तसाच. एका माकडाच्या रक्तात शहर वाचवण्याइतकं काही मावत नाही.

बऱ्याच साथी लस न येताच थांबल्या आहेत. १९७६ मध्ये याम्बुकूच्या मिशन हॉस्पिटलात मोजक्या सुया धड निर्जंतुक न करता दिवसभर पुन्हा पुन्हा वापरल्या जात होत्या, आणि इबोला तिथूनच पसरत होता. हॉस्पिटल बंद झालं, आजारी माणसं वेगळी ठेवली गेली, साथ ओसरली. ३१८ रुग्ण, २८० मृत्यू. मदतीसाठी उघडलेलं दारच रोग वाटत होतं, हे कळण्याचा क्षण कुठल्याही कुपीतल्या औषधापेक्षा जड आहे. शेवट शोधताना आधी विचारा: या साथीत माणसं कुठली एक गोष्ट करायची थांबली तर साखळी तुटेल? आणि ती थांबवणं कुणाला सर्वांत कठीण जाईल? ते पात्र तुमच्या कथेत मध्यवर्ती हवं.

मसुदा अडकला असेल तर

आकडे वाढताहेत पण भीती वाढत नाही, अशी तक्रार असेल तर आकडे काढून टाका आणि एकाच कुटुंबाचं, एकाच वॉर्डाचं बघा. हजारो मेल्याचं वाचून पान उलटतं. वॉर्डातल्या सातव्या खाटेवर चादर बदलली की वाचक थांबतो.

मधला भाग ढेपाळत असेल तर बहुधा संपर्कातल्या माणसांचा शोध तुम्ही एका परिच्छेदात संपवलाय. तो उलगडा. लोक खोटं बोलतात: कुणाला कुठे होतो ते बायकोला कळू द्यायचं नसतं, कुणाची नोकरी जाईल, कुणाचे कागद नाहीत. चौकशी करणारीला रोगापेक्षा माणसांची गुपितं जास्त सापडतात, आणि त्यांतलं एक गुपित साखळीतला हरवलेला दुवा असतं.

माहिती भाषणासारखी वाटत असेल तर ती भांडणात घाला. एक डॉक्टर दुसऱ्याला 'तुला माहीतच आहे की...' म्हणू लागला की ते वाक्य खोडा. खाटा तीन आणि पेशंट पाच, असं असताना दोघं वाद घालू लागले की वैद्यकीय तपशील आपोआप ऐकू येतो.

सगळं एकटा नायकच करत असेल तर कामं वाटा. रोगतज्ज्ञ सॅम्पल घेत फिरत नाही, विमान उडवत नाही, दरवाजेही फोडत नाही. नकाशे बनवणारी, थडगी मोजणारा, जनावरांचा डॉक्टर, पाण्याच्या टाक्यांची देखभाल करणारा, यांच्याकडे एकेक तुकडा ठेवा आणि त्यांची एकमेकांशी गाठच पडू देऊ नका.

आणि शेवट गुळमुळीत वाटत असेल तर मोजणीचा नियम वापरा. इबोलाची साथ संपली असं शेवटच्या रुग्णानंतर ४२ दिवस, म्हणजे २१ दिवसांच्या दुप्पट, एकही नवा रुग्ण सापडला नाही तरच म्हणता येतं. १४ जानेवारी २०१६ ला पश्चिम आफ्रिकेतला फैलाव थांबल्याचं जाहीर झालं. दुसऱ्याच दिवशी सिएरा लिओनमध्ये नवी केस पक्की झाली. बऱ्या झालेल्या पुरुषांच्या वीर्यात हा विषाणू कित्येक महिने राहू शकतो, हेही याच साथीत नीट कळलं. तुमच्या रोगाची मोजणी किती दिवसांची ते कुंडलीवरून काढा, शेवटच्या प्रकरणांना त्या दिवसांचे आकडे द्या, आणि एकोणचाळिसाव्या दिवशी कुणाला तरी साधा, मलेरियाचा ताप येऊ द्या.